मामांच्या खणातले अवजार
मोटरसायकलच्या कॅम-बेअरिंगचा एक घरगुती इतिहास

माझ्या मामांचे मिरजेला गॅरेज होते. गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचे दहा बाय पंधराचे पत्र्याचे शेड, एक लाकडी बाक, बाकाला जखडलेला व्हाइस आणि बाकाखाली तीन खण. मामा २००९ साली गेले. वर्षश्राद्धानंतर मामींनी शेड रिकामे करायचे ठरवले, तेव्हा मदतीला मी गेलो होतो. भंगारवाल्याने तिसरा खण पोत्यावर पालथा केला आणि त्या ढिगातून मी एक वस्तू उचलून घेतली. ती का उचलली हे त्या वेळी मलाही सांगता आले नसते.

वीतभर लांबीचा एक पोलादी बोल्ट, त्यावर ओवलेला पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होत गेलेला पितळेचा दांडा, एक जाड वॉशर, पाइपचा दोन बोटे लांबीचा तुकडा आणि नट, अशी ती वस्तू होती. पितळ हात लागून लागून गुळगुळीत झाले होते. दांड्याच्या कडेवर कानशीने मारलेल्या दोन बारीक खुणा होत्या, एकमेकींपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. बाजारात असे अवजार मिळत नाही. कोणीतरी, कोणत्यातरी एकाच कामासाठी ते लेथवर करून घेतले होते. ते काम कोणते, हे सांगणारा माणूस उरला नव्हता.

मी पोस्टात नोकरी केली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही आणि यंत्रशास्त्राची तर नाहीच. जे वाचले ते रद्दीतल्या मॅन्युअलांमधून, वाचनालयातून आणि माणसांना प्रश्न विचारून. त्या पितळी दांड्याचा उलगडा व्हायला मला जवळपास सहा वर्षे लागली. त्या शोधात जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे.

कॅम कशावर फिरतो?

चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप नेमक्या क्षणी उघडावी लागते. हे काम कॅम करतो. कॅम म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेले, अंड्याच्या आकाराचे पोलादी चाक. ते फिरले की फुगवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड झडपेला. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची एक फेरी होते. म्हणजे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी पळत असेल तर कॅम अडीच हजारांनी फिरतो.

वेग निम्मा असला तरी कॅमचे आयुष्य सोपे नाही. दर फेरीला झडपेची ताठ स्प्रिंग त्याला एका बाजूने दाबते, सोडते, पुन्हा दाबते. हा दाब अखेर झेलतो तो कॅमच्या दांड्याचा आधार. हा आधार झिजला की कॅम डुगडुगतो, टॅपेटची फट रोज बदलते, टायमिंगच्या चक्रांतून खडखड येऊ लागते आणि तेलात धातूची चमकी दिसते. मामा लांब पेचकसाचे टोक इंजिनच्या झाकणावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. बहुतेक वेळा त्यांचे निदान तिथेच होऊन जाई.

आधार देण्याच्या तीन रीती मोटरसायकलच्या इतिहासात दिसतात. पहिली बुशची, दुसरी सुई-बेअरिंगची आणि तिसरी म्हणजे वेगळा आधार न देता इंजिनच्या अंगातच दांडा फिरू देण्याची. यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत या तिन्हींची तुलना भार, वेग आणि तेल यांच्या हिशेबाने केलेली असते. माझा प्रश्न थोडा वेगळा होता. बिघडल्यावर कोणता आधार कोणाला बदलता येतो?

बुश

बुश ही यंत्रयुगाची निर्मिती नव्हे. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळी बसवतात, तिला आपल्याकडे आवण म्हणतात. आसावर फिरताना ती झिजते, लाकडी तुंबा शाबूत राहतो. गाडीखाली लटकणारा वंगणाचा नळा आमच्या पिढीने पाहिला आहे. स्वस्त आणि बदलता येणारा भाग मुद्दाम झिजू द्यायचा आणि महागाचा भाग वाचवायचा, हे तत्त्व आपल्या लोहाराला आणि सुताराला ठाऊकच होते. १८३९ साली आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने कथील, तांबे आणि अँटिमनी यांचा मऊ मिश्रधातू याच कामासाठी पुढे आणला. आपल्याकडचे मिस्त्री त्याला व्हाइट मेटल म्हणतात. मोटरसायकलच्या कॅमला मात्र बहुधा गनमेटलचे किंवा फॉस्फर-ब्राँझचे बुश असे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसएने एम-२० या मोटरसायकली सव्वा लाखाच्या आसपास बनवल्या. नॉर्टनची १६-एच आणि मॅचलेसची जी-३-एल याही सैन्यात होत्या. युद्धानंतर यांतल्या बऱ्याच गाड्या हिंदुस्थानात लिलावात निघाल्या आणि शिक्षक, डॉक्टर, जमीनदार, ठेकेदार यांच्या दारात उभ्या राहिल्या. गाड्यांबरोबर आणखी एक गोष्ट सैन्यातून बाहेर आली, ती म्हणजे त्या दुरुस्त करणारी माणसे. लष्कराच्या वीज आणि यंत्रविभागाचे स्वतंत्र दल १९४३ साली उभे राहिले. खडकीसारख्या ठिकाणच्या लष्करी वर्कशॉपांत खेड्यापाड्यांतून आलेली मुले मायक्रोमीटर धरायला शिकली. मामांचे उस्ताद त्यांपैकीच एक. युद्धानंतर ते मिरजेला परतले आणि १९७० नंतर मामांनी त्यांच्या हाताखाली काम शिकले. सतार-तंबोरे करणाऱ्या आमच्या मिरजेतली वाद्यकारांची घराणी मूळची शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांची. त्यामुळे लढाईच्या कामातला हात शांततेच्या कामाला लागणे आमच्या गावाला नवे नव्हते.

मॅचलेसच्या इंजिनात कॅमच्या दांड्याचे एक टोक क्रँककेसमधल्या बुशमध्ये आणि दुसरे टायमिंगच्या झाकणातल्या बुशमध्ये फिरते. केस आणि झाकण ॲल्युमिनियमचे, बुश ब्राँझचे. नवे बुश त्याच्या जागेपेक्षा केसभर मोठे असते, म्हणून ते दाबूनच बसवावे लागते. दाबताना ते आकसते, म्हणून बसवल्यावर आतून रीमरने तासावे लागते. दोन्ही बुशांची भोके एका रेषेत हवीत, नाहीतर दांडा अडकतो. यावर जुन्या मिस्त्रींची रीत अशी, की दोन्ही बुश एकदम काढायचेच नाहीत. आधी एक बदलायचे, झाकण पिन आणि स्क्रूने पक्के बसवायचे आणि समोरच्या जुन्या बुशचा आधार घेऊन रीमर फिरवायचा. मग दुसऱ्याची पाळी, आणि या वेळी नवे बुश वाटाड्या.

शिवाय बुशला तेलाचे भोक असते. ते केसमधल्या तेलाच्या वाटेसमोर आले नाही तर नवे बुश काही दिवसांत जळून जाते.

आमच्या तरुणपणी रस्त्यावर राजदूत आणि येझदी जास्त. त्या दोन स्ट्रोकच्या, त्यांना झडपाही नाहीत आणि कॅमही नाही. कॅमचे काम येई ते या जुन्या विलायती गाड्यांचे किंवा बुलेटचे. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटमध्ये रचना उलटी आहे. तिथे केसमध्ये ठोकलेली स्पिंडल स्थिर असते आणि कॅमचे चक्र तिच्यावर फिरते. तत्त्व मात्र तेच. झिजलेला भाग काढा, नवा घाला. नवा मिळत नसेल तर गनमेटलचा दांडा घ्या आणि टर्नरकडे जा. आयातीवर बंधने होती त्या काळात हे फार मोठे बळ होते. इंग्लंडमधला कारखाना बंद पडला तरी मिरजेतली गाडी बंद पडत नव्हती.

शिवणयंत्राची सुई

घरंगळणाऱ्या गोळ्यांवर चाक फिरवायची कल्पना जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआँ ही सायकल शर्यत जेम्स मूरने जिंकली, ती ज्यूल सुरिरे यांनी केलेली बॉल-बेअरिंगे लावून. पण सगळ्या गोळ्या एका मापाच्या नसतील तर सगळा भार दोन-तीन गोळ्यांवरच पडतो. ही अडचण जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरने १८८३ साली गोळ्या घासण्याचे यंत्र करून सोडवली. ते गाव बेअरिंगचे माहेरघर झाले आणि त्याची किंमत त्याने मोजली. १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ या दोन दिवशी अमेरिकन विमानदलाने त्यावर हल्ले केले. बेअरिंग थांबले तर रणगाडे आणि विमाने थांबतील, हा हिशेब होता. दोन्ही मोहिमांत अमेरिकेची साठ-साठ बाँबफेकी विमाने पडली.

कॅमच्या कामाचे बेअरिंग मात्र वेगळ्याच वाटेने आले. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात टॉरिंग्टन नावाचे गाव आहे. तिथे १८६६ साली शिवणयंत्राच्या सुया करणारा कारखाना निघाला. तार थंड असतानाच ठोकून बारीक करायची, ही त्यांची हातोटी. त्याच कौशल्यावर त्यांनी पुढे सायकलच्या आऱ्या केल्या आणि १९३०च्या दशकात सुयांसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग बाजारात आणले. पातळ पत्र्याची ओढून केलेली वाटी आणि तिच्या आतल्या बाजूने शेजारी शेजारी उभे केलेले रोलर, असे त्याचे रूप. बुशच्या जागेत जवळपास बुशएवढीच जागा घेऊन ते मावते आणि घर्षण फार कमी करते. मोटरसायकलवाल्यांना हवे होते ते नेमके हेच.

जर्मनीत दुसरी वाट निघाली. श्येफ्लर बंधूंनी १९४६ साली हेर्झोगेनआउराख इथे इना ही कंपनी काढली. सुरुवातीला तिथे लाकडी हातगाड्यासुद्धा बनत. १९४९च्या सुमारास गेऑर्ग श्येफ्लर यांनी रोलरांना पिंजऱ्यात बसवण्याची युक्ती काढली. पिंजऱ्यामुळे रोलर एकमेकांना घासत नाहीत, तेलाला जागा मिळते आणि वेग वाढवता येतो. मात्र पिंजऱ्याची जागा गेल्यामुळे रोलर कमी मावतात आणि त्या मानाने भार उचलण्याची ताकद कमी होते.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. हार्ले-डेव्हिडसनच्या मालकांमध्ये मात्र तो वर्षानुवर्षे वादाचा विषय होऊन बसला. या कंपनीचे इव्होल्यूशन नावाचे १३४० सीसीचे इंजिन १९८४ पासून निघू लागले. त्यात एकच कॅम, त्याचे आतले टोक सुई-बेअरिंगमध्ये आणि बाहेरचे झाकणातल्या बुशमध्ये. सुरुवातीला हे बेअरिंग टॉरिंग्टनचे, रोलरांनी गच्च भरलेले होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या जागी पिंजऱ्याचे, कमी रोलरांचे बेअरिंग आले. काही इंजिनांत ते फुटले, रोलर तेलात पडले आणि इंजिनची नासाडी झाली. तेव्हापासून कॅम बदलायला झाकण उघडले की आतले बेअरिंग काढून गच्च रोलरांचे बसवायचे, असा घरगुती मेकॅनिकांचा नियमच झाला.

त्यांचा युक्तिवाद मला पटतो. कॅमचा वेग निम्मा, त्यामुळे पिंजऱ्याचा वेगाचा फायदा तिथे फारसा कामाचा नाही. भार मात्र धक्क्यांचा आहे. अर्थात पिंजऱ्याची हजारो बेअरिंगे विनातक्रार चाललीही आहेत. जी फुटली त्यांची कथा झाली, जी चालली त्यांची झाली नाही, हेही इतिहास लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे. १९९९च्या पुढच्या इंजिनात दोन कॅम आले. त्यातही सुरुवातीच्या काही गाड्यांत मागच्या कॅमचे बॉल-बेअरिंग टिकेना, आणि कंपनीने तिथे रोलर-बेअरिंग आणले.

ज्या गावांच्या नावाने हा वाद झाला त्या नावांचेही पुढे बरेच काही झाले. टॉरिंग्टन कंपनी २००३ साली टिमकेनने घेतली आणि २००९ साली तिचा सुई-बेअरिंगचा धंदा जपानी जेटेक्टकडे गेला. श्येफ्लरचे कारखाने आज पुण्याजवळ तळेगावलाही आहेत. डब्यावरचे नाव बदलले तरी जुने मेकॅनिक अजून दुकानात जाऊन टॉरिंग्टनच मागतात.

घरची अवजारे

ठाण्याचा माझा एक शाळामित्र नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. त्याच्याकडे इव्होल्यूशन इंजिनाची जुनी हार्ले आहे. आतले कॅम-बेअरिंग त्याने घरच्या मोटारखान्यात स्वतः बदलले आणि प्रत्येक पायरीची छायाचित्रे मला पाठवली. ती पाहताना मला प्रथमच मामांच्या दांड्याचा सुगावा लागला.

त्या इंजिनात बेअरिंगच्या मागे क्रँकच्या फ्लायव्हीलची पोकळी असते. म्हणजे बेअरिंग आत ठोकून काढता येत नाही. ठोकले तर सुटे झालेले रोलर पोकळीत पडतात आणि मग अख्खे इंजिन खोलावे लागते. ते बाहेरच ओढले पाहिजे. त्यासाठी खास पुलर मिळतो. त्याची चिरलेली बाही बेअरिंगमधून पलीकडे घालायची, मधला दांडा आवळला की बाहीची टोके फाकतात आणि बेअरिंगची मागची कड पकडतात. मग बाहेरून नट फिरवायचा. माझ्या मित्राने पुलर विकत न घेता भिंतीत सामान अडकवण्यासाठी वापरतात तो फाकणारा अँकर बोल्ट घेतला, टोक घासून मापाचे केले, बाहेरून रुंद सॉकेट टेकवले, वॉशर घातला आणि नट आवळला. पाच मिनिटांत बेअरिंग त्याच्या हातात आले. पोकळी मागून बंद असते अशा इतर ठिकाणी आपल्याकडचे मिस्त्री भोकात ग्रीस ठासतात आणि मापाचा दांडा घालून वर हातोडी मारतात. ग्रीसच्या दाबाने बुश वर येते. हार्लेच्या या भोकात ते चालत नाही, कारण ग्रीस मागून निघून जाते.

बसवताना पायऱ्यांचा दांडा लागतो. त्याची बारीक पायरी बेअरिंगच्या आत अलगद जाते आणि ते सरळ धरते, जाड पायरी कडेवर दाब देते. ज्या बाजूवर अक्षरे कोरलेली असतात त्याच बाजूने दाबायचे, कारण वाटीची ती कड दाब सोसण्यासाठी केलेली असते. सरळ हातोडी मारली तर वाटी चेपते आणि रोलर अडकतात. मधून बोल्ट घालून नटाने ओढले की सगळीकडे सारखा दाब पडतो.

पाइपचा तुकडा, वॉशर, पायऱ्यांचा दांडा आणि बोल्ट. माझ्या टेबलावरच्या वस्तूत हेच सगळे होते.

यात उष्णतेची मदत घेतात, तिचा हिशेब मामांनी मला कधी सांगितला नाही, पण काम त्याच हिशेबाने ते करत. ३० मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे भोक ३० अंशांवरून ११० अंशांपर्यंत तापवले तर ते सुमारे ०.०५५ मिलिमीटरने मोठे होते. तेवढ्याच व्यासाचे पोलादी बेअरिंग फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांपर्यंत थंड केले तर सुमारे ०.०१७ मिलिमीटरने आकसते. दोन्ही मिळून ०.०७ मिलिमीटरच्या वर सूट मिळते. घट्टपणासाठी ठेवलेला फरक बहुधा याहून कमी असतो, म्हणून बेअरिंग जवळजवळ हातानेच आत जाते. मामांकडे थर्मामीटर नव्हता. ते केस शेगडीवर धरत, वर पाण्याचा थेंब टाकत आणि थेंब चर्र करून उडाला की म्हणत, ‘झालं.’ थेट ज्योत एकाच जागी धरायची नाही, केस सगळीकडून सारखी तापली पाहिजे, एवढी मात्र त्यांची ताकीद असे.

१९८८चा उन्हाळा

आता माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

१९८८च्या उन्हाळ्यात मी एकोणीस वर्षांचा होतो आणि सुटीत मामांच्या गॅरेजमध्ये जात होतो. एका निवृत्त शिक्षकांची मॅचलेस कामाला आली होती. कॅमचे बुश गेले होते, नवे टर्नरकडून करून आणले होते. मामा दोन दिवस लग्नाला बाहेरगावी गेले. मला वाटले, ते परत येईपर्यंत काम करून ठेवावे. मी टायमिंगचे झाकण बाकावर ठेवले, बुश भोकावर धरले, वर सॉकेट ठेवले आणि हातोडी मारली. झाकण थंडगार होते. बुश तिरके शिरले. मी ते सरळ करायला दुसऱ्या बाजूने मारले. तिसऱ्या घावाला टक् असा आवाज आला आणि बुशभोवतालचा ॲल्युमिनियमचा उंचवटा चिरला.

त्या गाडीचे झाकण कुठे विकत मिळणार? मामांनी पुण्याच्या जुन्या बाजारात शोधले, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला माणूस पाठवला. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वेल्डरने चीर भरून दिली आणि भोक पुन्हा बोअर करून घेतले. चार महिने गाडी उभी होती. ते शिक्षक दर आठवड्याला येत, गाडीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहत आणि जात. खर्च मामांनी सोसला. मला ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘अरे, विचारायचं होतंस.’ त्या वाक्याचा अर्थ मी तेव्हा असा लावला, की परवानगी घ्यायला हवी होती. पुढच्या सुटीत मी गॅरेजमध्ये गेलो नाही. पुस्तकांकडे वळलो तो तिथूनच.

२०१६ साली पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने मला मॅचलेसचे सुटे झाकण आणि एक जुने बुश हाताळायला दिले. पितळी दांड्याची मापे मी आधीच घेतली होती. ती मिलिमीटरमध्ये विचित्र येत होती, इंचात मात्र चोख बसत होती. बारीक पायरी बुशमध्ये अलगद गेली. जाड पायरी बुशच्या कडेवर बसली. पाइपचा तुकडा झाकणाच्या मागच्या उंचवट्यावर नेमका टेकला. राहिल्या त्या कानशीच्या दोन खुणा. मी बुशचे तेलाचे भोक एका खुणेसमोर धरून नट हलकेच आवळायला घेतला, तेव्हा उलगडा झाला. नट आवळताना बुश आत सरकता सरकता किंचित फिरते. भोक पहिल्या खुणेसमोर ठेवून सुरुवात केली की पूर्ण आत गेल्यावर ते दुसऱ्या खुणेसमोर, म्हणजे तेलाच्या वाटेसमोर येते. हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये मी वाचलेले नाही. उस्तादांनी किंवा मामांनी, कोणीतरी एकदा चूक करून ते शिकले आणि पुढच्यासाठी कानशीने लिहून ठेवले.

१९८८ साली हे अवजार बाकाखालच्या खणात, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होते. मामा म्हणाले होते ते परवानगीबद्दल नव्हते.

तिसरी रीत

१९८५ साली हीरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली आणि चार स्ट्रोकचे इंजिन खेड्यापाड्यांत पोहोचले. कॅम आता वर, हेडमध्ये गेला. आजच्या अनेक छोट्या गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकांना लहान बॉल-बेअरिंगे असतात. ती साध्या पुलरने निघतात, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि चौकातला मुलगा अर्ध्या दिवसात बदलून देतो. ही रचना मला सगळ्यांत लोकाभिमुख वाटते.

मोठ्या इंजिनांत मात्र तिसरी रीत रूढ झाली. कावासाकीने १९७२ साली आणलेल्या झेड-१ या ९०० सीसी गाडीत कॅमखाली बदलता येणारे पातळ बेअरिंग-शेल होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या तिच्या वंशजांत ते गेले आणि कॅम थेट हेडच्या ॲल्युमिनियममध्ये फिरू लागला. यात लबाडी होती असे मी म्हणणार नाही. स्वच्छ तेल दाबाने पोहोचत राहिले तर अशी रचना वर्षानुवर्षे झिजत नाही, सुटे भाग कमी होतात, किंमत उतरते. पण एकदा तेल तुटले आणि चरे पडले, की बदलायला काही उरत नाही. अख्खे हेड बदलायचे, नाहीतर वेल्डिंग भरून पुन्हा बोअर करणारा कारागीर शोधायचा. बैलगाडीच्या आवणेमागचे तत्त्व इथे सोडून दिलेले आहे.

इंजिनच्या आराखड्यावर रेघ ओढतानाच ठरते, की बिघाड कोणाच्या हातचा राहील. बुश गावच्या टर्नरच्या हातचे होते. सुई-बेअरिंग विकत आणावे लागते, पण पुलर घरी करता येतो. थेट हेडमध्ये फिरणाऱ्या कॅमपुढे घरचा कारागीर हात टेकतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, त्यात वाहनांचाही समावेश आहे. मॅन्युअले आणि सुटे भाग मिळावेत ही मागणी योग्यच आहे. पण बदलता येईल असा भाग मुळात ठेवलेला असेल तरच त्या हक्काला अर्थ आहे, आणि तो बदलणारा हात शिल्लक असेल तर.

आपल्या संग्रहालयांत तलवारी आहेत, अडकित्ते आहेत, दिवे आहेत. मिस्त्रीच्या खणातली अवजारे नाहीत, कारण ती भंगारात वजनावर जातात. त्यांवर नाव नसते, साल नसते. गेल्या काही वर्षांत मी मिरज, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी इथल्या जुन्या गॅरेजांतून अशी सत्तावीस अवजारे गोळा केली आहेत. प्रत्येकाबरोबर एक कागद ठेवला आहे. कोणत्या इंजिनाचे, कोणत्या कामाचे, कोणी सांगितले. नऊ कागद अजून कोरे आहेत. ज्यांना विचारायचे त्यांतले दोघे मिस्त्री ऐंशीच्या पुढे आहेत, आणि दिवाळी झाली की मी त्यांच्याकडे जाणार आहे. पितळी दांड्याचा कागद भरून झाला आहे. त्यावर शेवटच्या ओळीत, कानशीच्या खुणांचा अर्थ लिहून झाल्यावर, मी १९८८ हे सालही घातले आहे.